एकशेवीस तास

तूस. पोह्याला चिकटलेलं, नखाएवढंही नाही – सिल्व्हियाने ते चष्म्याशिवाय टिपलं आणि परातीच्या काठावर ठेवून दिलं. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याला हे जमतं याचा तिला मनातल्या मनात अभिमान होता, आणि मनातल्या मनात तरी कसला, नवरा, सिडनी, ओट्यापाशी आला की ती ते त्याला ऐकवायचीही. तीन किलो पोहे, ऐंशी माणसं, संध्याकाळी सहाला भाड्याच्या हॉलमध्ये मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद. आज ‘तू बिश्वात’, ज्यूंचा झाडांचा सण. तिची आई याला एलियाहू हन्नाबीचा, एलिया प्रेषिताचा, उरूस म्हणायची, आणि टोरोंटोत बाहेर उणे अठरा असलं तरी उरूस तो उरूस, त्याचे पोहे निवडूनच घ्यायचे.

डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्याच्याकडे न बघता ती निवडत होती, म्हणजे त्याच्याकडेच बघत होती. आज शेवटची तारीख. संध्याकाळी दमून आल्यावर डोळे टिकणार नाहीत, तेव्हा निघायच्या आत ते उरकायचं... उरकायचं काय, एक खूण तर करायची होती.

त्यांच्या छोट्या समाजातली मायरा, सतराची पोर, तिने हेल्थ सायन्सेसला अप्लाय केलं होतं. जागा दोनशे आणि अर्ज हजारोंनी. पंच्याण्णव टक्के तिथे सगळ्यांनाच असतात, म्हणून मग विचारतात की बाई, अभ्यासाशिवाय तू काय केलंस. आणि जे सांगितलंस ते खरं ना, हे मधूनच एखाद्या साक्षीदाराला पत्र पाठवून तपासतात. “आंटी, तुमचं नाव देऊ ना?” असं मायराने विचारलं होतं आणि सिल्व्हियाने “दे की” म्हटलं होतं, कारण रविवारच्या डब्यांबद्दल जगात कुणाला विचारायचं तर सिल्व्हियालाच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दर रविवारी हॉलच्या किचनमध्ये पंचवीस डबे भरायचे, ही कल्पना तिची, मसाला तिचा, किल्लीही तिच्याकडे. आणि मायराने लिहिलं होतं – प्रमुख, रविवारचे डबे. दोन वर्षं. एकशेवीस तास.

प्रमुख!

बरं, शब्दाचं सोडा, मुलं आजकाल असंच लिहितात, तीन मित्रांनी मिळून कुत्रा फिरवला तरी त्याची संस्था होते. पण तास? सिल्व्हियाने बोटांवर मोजले होते, तीनदा. पहिल्या वर्षी दहा रविवार, नंतर परीक्षा, मग उन्हाळ्यात पाच-सहा, मग परवाच्या डिसेंबरपासून पुन्हा दोन-तीन... ओढूनताणून सत्तर भरत होते. आणि ती मोजण्यात चुकत नाही. चाळीस वर्षं नर्स होती ती, औषधाचा थेंब इकडचा तिकडे झाला नाही तिच्या हातून. फॉर्मवर तीन चौकोन होते: बरोबर आहे, काही अंशी बरोबर आहे, बरोबर नाही. तिला वाटत होतं, मधला. मधला चौकोन म्हणजे काही खोटं नाही आणि दुष्टपणाही नाही.

सिडनी दाराशी बसून बूट चढवत होता. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला निघाला होता.

“अगं, येस कर आणि मोकळी हो.”

“मी खोट्यावर सही करत नाही.”

“माहीत आहे.” त्याने टोपी कानांवर ओढली. “पण ऑरेनने तिथेच अप्लाय केलं नसतं तर तू मोजत बसली असतीस?”

आणि गेला. असं काहीतरी बोलून दार ओढून घ्यायची त्याची सवयच आहे, पंचेचाळीस वर्षांची.

ती हसली. खरंच हसली, कारण हे इतकं चुकीचं होतं. ऑरेन तिच्या मुलीचा मुलगा, शहाण्णव टक्के, पोहण्यात मेडल. त्याला जागा मिळायला कुणाची जागा रिकामी व्हावी लागत नाही. शिवाय हजारोंतून एक मायरा वगळली तर तिची खुर्ची थेट ऑरेनखाली सरकते असं थोडंच आहे? “ग्रॅनी, इट्स बेसिकली अ लॉटरी,” तो म्हणाला होता. म्हणजे हिशेब झाला. म्हणजे माझ्या मनात तसं काही नाही. आणि जर असलंच – नाही, असलंच असं धरून चालू – तर सत्तर काही त्यामुळे एकशेवीस होत नाहीत ना? माझं मन मळलेलं असेल, आकडा तर स्वच्छ आहे... मग हात का थांबतो?

तिला तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आठवल्या. नर्सिंगच्या प्रवेशाला चांगल्या वर्तनाचा दाखला लागायचा. बाईंनी मान वर न करता लिहिलं होतं, ‘कष्टाळू, प्रामाणिक’, आणि शिक्का मारला होता. बाईंना तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं, ते तिलाच सांगावं लागलं होतं. त्या दोन शब्दांवर तिचं आयुष्य उभं राहिलं की त्यांच्याशिवायही राहिलं असतं, कोण जाणे. पण ती कष्टाळू निघाली, प्रामाणिकही निघाली. हे काही बाईंचं श्रेय नाही.

एक वाजता मायरा मदतीला आली, बसने, पापण्यांवर बर्फ. कोट काढला, हात धुतले, आणि “वॉशरूम कुठेय” इतकंही न विचारता आत जाऊन केस बांधून आली. फॉर्मबद्दल अवाक्षर नाही. लॅपटॉप उघडा दिसत होता, तिने तिकडे पाठ केली. शहाणी आहे पोर, हे मात्र मधल्या चौकोनात कुठे लिहायची सोय नव्हती.

सिल्व्हियाने नारळ पुढे केले. मायराने त्यांच्याकडे पाहिलं, मग परातीकडे, आणि पोह्यांवर पाण्याचा हात मारायला लागली. ओतलं नाही, ओंजळीतून शिंपडलं, उलटलं, थांबली, चिमूट दाबून पाहिली, परत शिंपडलं. हे सिल्व्हियाने तिला शिकवलेलं नव्हतं. सिल्व्हिया पोहे चाळणीत धरून भिजवते.

“असं कुठे शिकलीस?”

“यूट्यूब... अँड देन, लाइक, चुकून चुकून.” ती हसली. “फॉलमध्ये फर्स्ट टाइम केलं ना आम्ही मलिदा, टोटल चिखल झाला होता. सेकंड बॅच बरी झाली. पण आंटी, एवढे नारळ खोवायचे? तेव्हा आम्ही फ्रोझन खोबरं वापरलं होतं. साठ लोक होते. नोबडी नोटिस्ड, ऑनेस्टली.”

सिल्व्हियाच्या हातातला नारळ हातातच राहिला.

फॉल. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत ती गुडघा बदलून घरी पडून होती. किल्ली तिने हॉलवाल्यांकडे दिली होती, आणि ते बारा-तेरा रविवार तिच्या मोजणीत नव्हतेच, कारण ती नव्हती म्हणजे डबे नव्हते. फोन यायचे की तुमच्याशिवाय मजा नाही हो सिल्व्हियाबाई, आणि ती दुखऱ्या पायाने खूश व्हायची. डबे चालू आहेत का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. चालू नसणारच ना! आणि कुणी आपण होऊन सांगितलंही नाही... तिला वाईट वाटेल म्हणून? आम्ही म्हणजे कोण? एकदाच मलिदा, की दर रविवारी डबेही? तेरा रविवार, चार-चार तास... बावन्न. सत्तर आणि बावन्न.

की एकदाच? यूट्यूबवरून एकदा शिकलेल्या पोरीचाही हात असा बसू शकतो. तिला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्या किचनचं सगळं तिला ठाऊक होतं, त्यातलंच हे तिला ठाऊक नव्हतं, आणि फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न तिने सकाळी वाचून न वाचल्यासारखा सोडून दिला होता – हे सगळं तुम्ही स्वतः पाहिलं आहे का?

विचारलं की कळेल. चार पावलांवर तर उभी आहे ती. मायरा खोटं बोलणार नाही याची सिल्व्हियाला आता खात्री होती, सकाळी नव्हती, आणि तेवढ्यानेच तिचे कान तापले. ऑरेनचं नाव काही आडवं येत नव्हतं. तो बिचारा केव्हाच बाजूला झाला होता. सिडनी चुकला होता खरा, पण मी त्याहून जास्त चुकले होते, आणि तेही एवढ्या खात्रीने.

“मायरा,” तिने हाक मारली.

“हां आंटी?”

ओंजळीतलं पाणी तसंच धरून मायरा वळून बघत होती. सिल्व्हियाला तास विचारायचे होते. ते जमलं असतं. पण त्याच्यामागे दुसरा प्रश्न उभा होता, त्या तेरा रविवारी डबे भरताना कुणाला माझी उणीव भासली का, हा. आणि त्याचं उत्तर काय यायचं याची तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीच कल्पना नव्हती.