घाटातला थांबा

घाटाचं पहिलं वळण आलं आणि दामिनीच्या पोटात मुरडा उठला. तिकिटाचं मशीन छातीशी दाबून धरत ती दांड्याला टेकली. अमरावतीहून निघताना तिनं चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता. ड्युटीच्या दिवशी आताशा ती उपाशीच राही. तरीही कळ आलीच.

गेल्या पावसाळ्यात धारणीच्या याच रस्त्यावर एका ट्रकला चुकवताना बसचं मागचं चाक कठड्याबाहेर गेलं होतं. कोणाला खरचटलंही नाही. एकेका प्रवाशाला पुढच्या दारानं उतरवून कंडक्टर दामिनी शेवटी उतरली, दुसऱ्या दिवशी कामावरही आली. पण महिनाभरात शौचातून रक्त पडू लागलं. कॅन्सरच असणार, असं तिनं धरून टाकलं. नवऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही. अकोल्याला बहिणीकडे जाते म्हणून निघाली आणि जठारपेठेत पोटाच्या डॉक्टरांना दाखवून आली.

"कॅन्सर नाही," दुर्बिणीनं तपासून डॉक्टर म्हणाले. "आतड्याला सूज आहे, जखमा आहेत. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच आतड्यावर उलटल्यात."

"भेवानं झालं का, डॉक्टरसाहेब?"

"नुसत्या भीतीनं नाही होत. पण मेंदू आणि आतडं नसांनी जोडलेली असतात. तुम्ही घाबरलात की निरोप खाली पोचतो, सूज भडकू शकते. आतडं सुजलं की निरोप वर जातो, मग जीव आणखी घाबरतो."

औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. आता तिला दरीचीही भीती वाटे आणि स्वतःच्या पोटाचीही.

दुसरं वळण. कपाळावर घाम फुटला. गाडीत चाळीस माणसं, अंगावर खाकी गणवेश. इथेच झालं तर? ती कशीबशी ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत गेली.

"खुशालभाऊ, गाडी थांबवा."

"इथं? वळण हाय न बाई."

"थांबवाच. मले उतरा लागते."

खुशालरावांनी आरशातून तिचा चेहरा पाहिला आणि पुढच्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घेतली.

दामिनी झुडपांकडे धावली. मागून पावलं वाजली तशी ती दचकली. डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी पाण्याची बाटली घेऊन आली होती, पाठोपाठ आणखी दोघी.

"बस वं माय. लाजू नको. आमी हावो."

तिघी तिच्याकडे पाठ करून, पदर पसरून उभ्या राहिल्या.

दामिनीनं खाली पाहिलं. रक्त होतं. दोन महिन्यांच्या औषधानंतरही होतं. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून तिनं ओढणी तोंडात कोंबली.

ती परतत होती तेव्हा गाडीतून एक माणूस ओरडत होता, "काहून थांबवली गाडी? काय करून राहिले?"

"इंजिन तापलं! कोणी खाली उतराचं नाही!" खुशालरावांचा आवाज आला.

दामिनी दारापाशी पोचली. खुशालरावांनी बॉनेट उघडलं होतं आणि डिसेंबरच्या त्या थंडीत, मुळीच न तापलेल्या इंजिनात ते थेंबथेंब पाणी ओतत होते. तिच्याकडे त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही.