उंबऱ्यातली बाई

येडगावच्या बहिरूला पिक्चरबद्दल काही विचारू नये. विचारलंत की मेलात. चहा गार होतो, एसटी निघून जाते आणि बहिरू अजून फ्रान्समध्येच असतो.

"फ्रेंच माणूस काय करतो ठावं हाय का भाऊ? शिगरेट पेटवतो आन बाईला सोडून जातो. मंग बाई शिगरेट पेटवती. झाला पिक्चर! पर ती पेटवती कशी, त्ये बगायचं. इराणवाल्यांचं येगळंच. दोन माणसं गाडीत बसवली, बोलती केली, की निम्मं काम फत्ते. आन जपानी माणूस? कॅमेरा भुईवर बसवतो, जेवायला पाट मांडल्यावाणी. आपल्याला वाटतं आपूनबी पंगतीला हाय. लई शाणी माणसं, राव."

हे ज्ञान काही हवेतून आलं नव्हतं. पुण्यात सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेत बहिरूनं तीस वर्षं वॉचमनची नोकरी केली. पोरं त्याला मामा म्हणायची. थेटराच्या दाराला आतून पाठ लावून त्यानं अख्ख्या जगाचे पिक्चर बघितले. पडद्याखाली येणारी इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती आणि त्याचाच त्याला भारी अभिमान. "शिकल्याली माणसं पिक्चर वाचत्यात. मी बगतो," असं तो तोंडावर सांगायचा. पिक्चरांची नावंही त्यानं आपल्या मनानं ठेवलेली. 'टोपी हरवल्याला', 'आंधळा न्हावी', 'दोन म्हाताऱ्या आन एक छत्री'. ह्या नावांनी कुणाला काही सापडायचं नाही, पण बहिरूचं काही अडत नव्हतं.

रिटायर होऊन गावी आल्याला तीन वर्षं झाली. आता नातीच्या, प्रांजलच्या, मोबाइलवर तो नवे पिक्चर बघतो आणि तिथंही कुणाची भीडभाड ठेवत नाही. ड्रोनचा शॉट आला की त्याचं डोकं फिरतं. "ही घारीची नजर झाली. घारीला माणसाचं काय पडलंय?" उडणारी माणसं तर त्याला डोळ्यांसमोर नको. जो पडायला भीत नाही त्याची काळजी आपण कशाला करायची, असा त्याचा रोकडा सवाल. आणि रडायची वेळ झाल्याचं व्हायलीन वाजवून सांगायचं, तर मग नट कशाला घेतला?

पिंपळवंडीपर्यंतची माणसं ऐकायला यायची, हसायची, मान डोलवायची. एकच मान हलत नव्हती, ती त्याच्या बायकोची, तानूबाईची. बहिरू पुण्यात होता तेव्हा ह्या बाईनं घर, दोन लेकरं आणि साठ मेंढरं एकटीनं संभाळली. नवऱ्याच्या पिक्चरांना ती "भिंतीवरली भुतं" म्हणायची आणि कामाला लागायची. बहिरूला बाकीच्या जगाच्या टाळ्या नकोच होत्या. तानूनं एकदा म्हणावं, की व्हय, तुमी बगितलं त्ये बगण्याजोगं व्हतं. एवढ्यासाठी त्याचा जीव तुटायचा.

तो योग जुन्नरच्या ऋषीनं आणला. ऋषी कॉलेजात शिकवतो आणि महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये देशोदेशीचे पिक्चर दाखवतो. बहिरूच्या तोंडून 'उंबऱ्याच्या पिक्चर'चं वर्णन ऐकून ऐकून त्यानं तो शोधूनच काढला. कुठल्याशा बर्फाळ डोंगराळ मुलखातला, मेंढपाळांचा पिक्चर. नवरा खिंडीपलीकडं गेलाय आणि बाई उंबऱ्यात उभी राहून वाट बघतेय. सलग सहा मिनिटं. कॅमेरा हलत नाही, बाई हलत नाही. बहिरूच्या मते जगात ह्याच्या वरचा शॉट झालेला नाही आणि होणार नाही.

"मामा, सुरुवातीला दहा मिनिटं तुम्हीच बोला," ऋषी म्हणाला. "आणि मामींना आणाच."

तानूबाई आली. मेंढरांचा पिक्चर हाय म्हटल्यावर आली. इरकल नेसून पहिल्या रांगेत, खुर्चीवर मांडी घालता येईना म्हणून पाय खाली सोडून बसली.

बहिरू उभा राहिला आणि असा काही रंगला की विचारू नका. चाळीस माणसं, त्यांत दोन प्राध्यापक, पण गडी कुणाला दबला नाही. उजेड कुठून येतो ते सांगितलं, वारा कसा ऐकू येतो ते तोंडानं करून दाखवलं. आणि शेवटी छाती काढून म्हणाला, "ह्यो पिक्चर आमच्या तिकडं सात येळा लागला. साती येळा शनवारी. शनवारी दोनला माझी ड्युटी संपायची. गावाकडं जायला गाडी तयार असायची. पर ह्यो बहिरू जागचा हलला न्हाई! ह्योच कशाला, शनवारचा एक पिक्चर मी तीस वर्षांत चुकवला न्हाई!"

हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. त्या टाळ्यांतच बहिरूला कळलं की आपण काय बोलून बसलो.

शनिवारी डबल ड्युटी असते, म्हणून रविवारी सकाळशिवाय येता येत नाही, असं त्यानं तानूबाईला सांगितलं होतं. एकदा नाही, तीस वर्षं. त्यानं चोरून पहिल्या रांगेकडं बघितलं. तानूबाई टाळ्या वाजवत नव्हती. पदर सारखा करून ती पडद्याकडं तोंड करून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

पिक्चर सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा बहिरूनं पडदा बघितला नाही. तो बायकोकडंच बघत होता. उंबऱ्याचा शॉट आला, सहा मिनिटं चालला, संपला. तानूबाईची पापणी हलली नाही.

दिवे लागल्यावर ऋषीनं कौतुकानं विचारलं, "मामी, कसा वाटला?"

"मेंढरं चांगली हायेत," तानूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "कोकरू पाजताना माणूस कसा धरतो, त्येबी खरं दावलंय. पर ती बाई खोटी हाय."

बहिरूचा जन्माचा स्वभाव उसळून आला. "खोटी? अगं, जगानं डोक्यावर घेतलीय तिला! काय खोटं हाय तिच्यात?"

"हात रिकामं हायेत तिचं."

"म्हंजी?"

"वाट बगणारी बाई अशी हात सोडून हुबी ऱ्हात न्हाई. रिकाम्या हातानं वाट बगितली तर डोस्क्यात नाय नाय त्ये येतं. गाडी उलटली आसंल, कुणी मारलं आसंल, दुसरी कुणी ठिवली आसंल. म्हणून हाताला काम द्यायचं. लोकर पिंजायची, निवडल्यालं धान पुन्यांदा निवडायचं. ज्यानं कुणी ह्यो पिक्चर काढला, त्यानं बाईला लांबून बगितलंय. वाट बगताना न्हाई बगितलं."

कुणी हसलं नाही. एका प्राध्यापकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. सगळे आता बहिरूकडं बघायला लागले, कारण ह्यावर मामा सोडणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आणि बहिरूकडं उत्तरं नव्हती असं नाही. थंडीनं हात गोठतात, दुःखानं गोठतात, दिग्दर्शकाला तेच दाखवायचंय, अशी दहा उत्तरं त्याच्या जिभेवर होती. तो उठला.

"ही म्हणती त्ये बराबर हाय," तो म्हणाला. "मी सात येळा बगितला आन सात येळा चुकलो."

जुन्नरच्या स्टँडवर परतीची, नारायणगावची गाडी अजून लागली नव्हती. दोघं बाकावर बसली. उन्हं कलली होती. बहिरू धीर करून म्हणाला, "तानू, शनवारचं मी..."

"शनवारी मी सांजच्या गाडीपतुर लोकर पिंजायची," ती मधेच म्हणाली. "डबल ड्युटी हाय त्ये ठावं आसून. माणूस कंदीमंदी लौकर सुटतं, म्हणून. गाडी गेली की मंग भाकऱ्या थापायची, पोरांपुरत्या."

बहिरूचे डोळे भरून आले, तर त्यानं टोपी काढून उगाच झटकली. "शिव्या तरी दे," तो म्हणाला.

"शिव्या देऊन काय शनवार माघारी येणार हायेत?" तानूबाई त्याच्याकडं वळली. "मला पिक्चर दावा. ज्याच्यापायी तुमी घरला आला न्हाई, त्ये दावा. समदे नकोत, मला येळ न्हाई. एक दावा. ज्यो बगून मला वाटंल की व्हय, ह्याच्यापायी माझा एक शनवार गेला तर गेला."

आता हा सवाल बहिरूला टाकायचा म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखं. त्यानं लगेच तोंड उघडलं. 'आंधळा न्हावी' म्हणणार होता, पण त्यातलं न्हाव्याचं रडणं त्याला एकदम लांबलेलं वाटलं. 'टोपी हरवल्याला' फक्त हसवतो. 'दोन म्हाताऱ्या' चांगला, पण एका शनिवारच्या बदल्यात? तो एकेक पिक्चर मनात काढून बघत गेला, फ्रान्सचे, इराणचे, जपानचे, आणि एकेक बाजूला ठेवत गेला. नारायणगावची गाडी फलाटाला लागली, माणसं दाराशी गर्दी करायला लागली, तरी तो उठला नाही.

"काय झालं? सापडंना?" तानूबाईनं विचारलं.

"न्हाई गं," बहिरू म्हणाला. "येवढा चांगला त्यात एकबी न्हाई."