आंबलेली सहा मडकी

पाचव्या मडक्यात नाक घातलं तेव्हाच ज्योतीरामला कळलं, की सहाव्यात घालायची गरज नाही. तरी त्यानं घातलं. फेस तोंडाशी आला होता आणि वास थेट कपाळात गेला. रात्रीतून थंडी पळाली होती, आभाळ ढगांनी गच्च भरलं होतं, आणि ओढ्याकाठच्या सहाही शिंदीच्या झाडांची नीरा आंबून बसली होती.

"माझंच चुकलं," रंभा, त्याची बायको, म्हणाली. नीरा आंबू नये म्हणून मडक्यांना आतून चुना फासायचं काम तिचं. "नीरा केंद्रावरलं दौलतराव म्हणलं व्हतं, चुन्याची चव लागती. म्हणून हात आखडता घेतला."

"चुन्यानं काय व्हतंय? हवाच फिरली."

हवा कधी फिरावी, याला काही धरबंध नसतो. कडाक्याची थंडी पडली तर झाडाचा रस पाण्यासारखा नितळ आणि गोड. जरा उबारा आला की तोच रस दिवस उगवायच्या आत दारू होतो. आणि दारूबंदी आल्यापासून तो गुन्हाही होतो. नीरा आंबली तर परवानेवाल्यानं ती नीरा केंद्राच्या माणसासमोरच ओतायची, असा नियम. आधी ओतली तर विकल्याचा संशय, ठेवून निघून गेला तर बाळगल्याचा खटला. नियम करणाऱ्यांनी शिंदीचं झाड जन्मात पाहिलं नसेल, पण मडक्याचा विचार मात्र अगदी बारकाईनं केला होता.

एरवी ज्योतीरामनं निमूट वाट पाहिली असती. पण आज नऊ वाजता त्याला पिंपरीच्या औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर हजर व्हायचं होतं. मुलाखतीचा कागद आला होता. पस्तिशीच्या आतली माणसं हवीत, असं त्यात लिहिलं होतं, आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे चैत्रात ज्योतीरामला पस्तीस पुरी होत होती. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. ज्या झाडावरून पडून त्याचा बाप गेला, त्याच झाडावर तो गेली सोळा वर्षं कमरेला दोर बांधून सकाळ-संध्याकाळ चढत होता. छातीला खोडाचे घट्टे पडले होते. जमिनीवर उभं राहून करायचं काम त्याला हवं होतं, बस्स. याहून मोठं स्वप्न त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

ताथवड्याहून पिंपरी म्हणजे दीड तासाची चाल. ढगांमुळे दिवस किती वर आला ते कळेना. चिंचवड स्टेशनाकडून सातच्या गाडीची शिट्टी आली. दौलतराव रोज या शिट्टीच्या आधी सायकलवरून यायचे.

"तुमी जावा," रंभा म्हणाली. "मी बसते मडक्यांपाशी."

"आन् शिपाई आला तर? परवाना माज्या नावाचा हाय. गोजाबाईला गेल्या साली काय केलं, ठावं न्हाई का?"

ठाऊक होतं. पलीकडच्या शिंदींवर चढणाऱ्या सोपानरावची बायको, गोजाबाई, नवऱ्याची मडकी राखत बसली होती. तिला तशीच चौकीवर नेली आणि तीन दिवस ठेवून घेतली.

ज्योतीरामनं नवं धोतर नेसलं होतं, म्हणून तो खालीही बसेना. मडक्यांभोवती येरझारा घालत राहिला. मध्येच वाटेपर्यंत जायचा, वळून मडक्यांकडे बघायचा आणि परत यायचा. दावणीचं जनावर तरी दावं दिसतं म्हणून ओढ घेतं. याला दावं कुठं बांधलंय तेच दिसत नव्हतं. आठच्या गाडीची शिट्टी झाली. आता पळत गेलं तर पोचेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पुढची शिट्टी झाली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नाही.

दौलतराव आले ते दहाच्या सुमाराला, पान चघळत, सायकल हातात धरून.

"अरे, सकाळी ढग बघितले," ते म्हणाले, "म्हटलं आज कुठली नीरा मिळायला! उगाच घाई कशाला? आरामात चहा घेतला नि निघालो."

त्यांनी एकेका मडक्याचा वास घेतला, मान हलवली आणि ओता म्हणाले. ज्योतीरामनं सहाही मडकी ओढ्यात उलटी केली. वहीत नोंद करता करता दौलतरावांचं लक्ष त्याच्या धोतराकडे गेलं.

"सोयरिकीला निघालास का काय?"

"पिंपरीला. कारखान्यात मुलाखत व्हती. नवाला."

"मग थांबलास कशाला, येड्या?" दौलतराव मनापासून हळहळले. "ओतून जायचं की! सहा वर्षांत तुझ्याबद्दल एक वावगा शब्द नाही. तुझ्यावर कोण संशय घेणार? मी डोळे मिटून सही केली असती."

रंभानं तोंडाला पदर लावला. ज्योतीरामच्या हातात रिकामं मडकं होतं, आणि ते या भल्या माणसाच्या डोक्यात घालावं असं त्याला अगदी खरोखर वाटलं. मग तो ओढ्यात उतरला आणि मडकी विसळू लागला. एकेक मडकं त्यानं तीनतीनदा विसळलं. दौलतराव बराच वेळ घुटमळले आणि निघून गेले.

दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटला. ढग फाटले, अंगावर काटा आणणारी थंडी परत आली. खोडावरची ज्यातून रस पाझरतो ती खाच एक दिवस तासली नाही तर सुकते आणि झाड त्या हंगामापुरतं हातचं जातं, म्हणून दिवस कलायच्या आत ज्योतीरामनं धोतर बदललं आणि चढला. वर जाऊन खाचेवरची वाळकी साल कोयत्यानं तासली. थोड्या वेळानं थेंब जमला. बोटावर घेऊन त्यानं तो चाखला.

"कसा हाय?" रंभानं खालून विचारलं.

कडू आहे म्हणावं, असं त्याच्या फार मनात आलं. त्यानं कोयता कमरेला खोचला आणि खोडाला छाती टेकवली.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "मडकं दे वर."