कुंपणावरचा डबा

वेल्बी हे ओहायोतलं बाटल्यांचं गाव. दोन चर्च, एक बार, निम्मं गाव काचेच्या कारखान्यात आणि उरलेलं निम्मं तिथूनच रिटायर झालेलं. नव्या माणसाला गाव एकच विचारतं, कुठल्या शिफ्टला आहेस? नागपूरहून आलेल्या ईश्वरला या प्रश्नाचं फार अप्रूप होतं. त्याच्या आजोबांना आयुष्यभर वेगळाच प्रश्न विचारला गेला होता, जात कुठली?

शेजारच्या डॉनाची हयात कारखान्यात बाटल्या तपासण्यात गेली. पहिल्या हिवाळ्यात तिने ईश्वरच्या दारातला बर्फ उपसला, म्हणून त्याच्या बायकोने, संघमित्राने तिला स्टीलच्या डब्यातून झुणका दिला. डबा रिकामा परत आला. "आमच्याकडे डबा रिकामा देत नाहीत," संघमित्रा हसत म्हणाली, "काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात." डॉनाने हे असं मनावर घेतलं की चार वर्षं डबा कुंपणावरून भरलेलाच फिरला. झुणका जायचा, ॲपल पाय यायचा.

यंदा कंपनीने भट्टी बंद करायचं ठरवलं. भट्टी थंड झाली की आतली काच गोठते, मग कारखाना संपलाच. ती कशी विझवायची याचा प्लॅन भट्टीचा इंजिनिअर म्हणून ईश्वरनेच करायचा होता, गुपचूप.

"डॉनाला तरी सांग ना," संघमित्रा म्हणाली. "सगळ्यांसमोर कळलं तर कसं वाटेल तिला?"

"कुणाला सांगणार नाही म्हणून साइन केलंय यार मी. बोललो तर जॉब जाईल, मागोमाग व्हिसा."

त्या रविवारी खिरीचा डबा घेऊन तो स्वतः गेला. डॉना खुशीत होती. "पुढच्या वर्षी माझी रिटायरमेंट पार्टी. तुम्ही दोघं पहिल्या टेबलावर!"

"नक्की," ईश्वर म्हणाला. ही शेजारीण गमवायची त्याला भीती वाटत होती, आणि तोंडातून निघालं ते हे.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बातमी सांगितली आणि तीन महिने खपून प्लॅन केल्याबद्दल ईश्वरचे जाहीर आभार मानले. डॉनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. वेल्बीची माणसं तशी सभ्य.

शनिवारी सकाळी डबा पायरीवर होता. ईश्वरने घाईने झाकण काढलं. डबा आतून घासूनपुसून लख्ख होता, साखरेचा एक दाणाही नव्हता.