अबोल्याच्या मनोऱ्याचे दोन जिने

बेबीमावशी माझ्या लग्नाला येणार नाही म्हणे. नाही तर नाही, असं म्हणण्याइतकी मी शहाणी नाही. मला हळद तिच्याच हातची हवी होती. आणि हळद पुढच्या आठवड्यावर आली तरी आई आणि ती बोलत नव्हत्या.

कारण साडी. आहेराच्या साड्या आमच्याकडे या घरातून त्या घरात फिरतच असतात. ज्या घरातून निघाली त्याच घरी परत जाऊ नये, एवढंच पथ्य पाळायचं. आईने नेमकं तेच मोडलं. धर्मेंद्रदादाच्या लग्नात तिने मावशीला, म्हणजे नवरदेवाच्या आईला, मावशीनेच कधीकाळी दिलेली जांभळी साडी दिली. त्या साडीचा फॉल मावशीने स्वतः लावला होता, आणि जांभळा दोरा संपला म्हणून हिरव्या दोऱ्याने. भर मांडवात तिने काठ उलटून पाहिला. झालं.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आणि आमचं चालू. आई मला म्हणायची, "तुह्या मावशीले सांग." मी खुशीला, म्हणजे मावशीच्या मुलीला, फोन करायची. खुशी तिच्या आईला सांगायची आणि उत्तर त्याच रस्त्याने परत यायचं. थेट जी बोलेल ती हरली. वर्षभर हे केल्यावर माणूस एक तर संन्यास घेतो किंवा डाव टाकतो. आम्ही डाव टाकला.

बांगड्या घ्यायच्या म्हणून मी आईला हिवरखेडहून मावशीच्या अमरावतीला आणलं. खुशीने काहीतरी थाप मारून मावशीला घराबाहेर काढलं. भेटायची जागा ठरली जुन्या शहराच्या परकोटाच्या आतला अबोल्याचा मनोरा. तो कापसाचा व्यापार करणाऱ्या दोन भावांनी बांधलेला. ते एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण गच्चीची हवा दोघांनाही हवी. मग गवंड्याने एकाच मनोऱ्यात दोन जिने घातले, वेणीच्या पेडांसारखे एकमेकांभोवती फिरवत. खाली दारं दोन, गच्चीवर दारं दोन. बाहेरून मनोरा पिळलेल्या ओल्या धोतरासारखा दिसतो. फक्त उजेडासाठी गवंड्याने मधल्या भिंतीत झरोके ठेवले, आणि तिथे सगळा घोळ झाला. तोंडं दिसायचीच.

मी आईला एका दारातून आत घेतलं, खुशीने मावशीला दुसऱ्या. पहिल्याच झरोक्यात दोघी बहिणी समोरासमोर आल्या.

आई थबकली. "प्रणाली, इचार तिले, इथं काहून आली."

"मावशी, आई विचारते..."

"सांग तिले, मनोरा काई तिच्या बापाचा नाई," मावशी म्हणाली आणि फणकाऱ्याने वर निघाली.

बाप दोघींचा एकच, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. आई तिच्यापुढे जायला झपाझप चढू लागली. पुढच्या झरोक्याशी आधी पोचली तीच.

"सांग तिले, साडी चुकून गेली. तिच्यासाठी घेतलेली पिशवी घरीच राह्यली होती."

"खुशी, इचार, हे सांगाले वर्ष लागते का?" मावशी ओरडली आणि पुन्हा पायऱ्या.

आता दोघींची शर्यतच लागली. शेवटचा शब्द आपलाच हवा म्हणून गुडघे दुखणाऱ्या दोन बाया पोरींसारख्या पळत होत्या. निरोप पोचवता पोचवता आणि गोल गोल फिरून मला गरगरायला लागलं. भिंतीपलीकडून खुशीचं खिदळणं ऐकू आलं आणि मीही फुटले. मी पायरीवर बसले, पोट धरलं. झरोक्यातून पाहिलं तर खुशीही तशीच बसलेली, डोळ्यांतून पाणी.

वरून आईचा आवाज आला. "प्रणाली, तिले सांग..."

हसू दाबायला मी तोंडावर हात धरला.

"प्रणाली?"

"नाई ते तिथं," मावशी म्हणाली. "मलेच सांग."

आमचं हसू थांबलं. खुशीने झरोक्यातून हात घातला, मी तो घट्ट धरला. आता आई काय बोलते यावर माझी हळद ठरणार होती.

आई साडीचं काहीच बोलली नाही.

"पोरगी चालली व बेबी," ती म्हणाली. "घरात रडाची सोय नाई. म्या डोये पुसले का ते पोरगी बी रडते, तिचा बाप बी. तू नाई आली त मी कोनापाशी रडू?"

मला वाटत होतं, मावशीची गरज मलाच आहे.

 पलीकडे मावशीच्या चपला वाजल्या. खाली नाही, वर. त्या गच्चीवर पोचल्या, फिरल्या आणि आमच्या जिन्याने खाली आल्या. त्या जिन्यात दोन माणसं शेजारी मावत नाहीत. तरी दोघी कशाबशा एका पायरीवर बसल्याचं बांगड्यांच्या आवाजावरून कळलं.

"हळद मी लावतो पोरीले," मावशी म्हणाली. "तू पोटभर रडजो."