विराटला सांभाळून बाकी सगळं

"अशी अद्दल घडवीन ना तिला, की या सोसायटीच्या गेटमधून पुन्हा आत पाऊल टाकणार नाही!"

सकाळपासून रक्षिताने हे चौथ्यांदा म्हटलं होतं. बंगळुरातल्या बनशंकरी भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात अडीच वर्षांचा विराट हनुवटीला तीन टाके घेऊन मजेत खेळत होता आणि त्याची आई मोबाइल घेऊन सूड उगवायला बसली होती.

सूड शिवलीलावर. दोन वर्षं विराटला सांभाळणारी ही बाई निपाणीकडची. पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरात आलेल्या रक्षिताला मराठी बोलणारी बाई मिळाल्याचा कोण आनंद झाला होता! पोरगं आपली भाषा शिकेल! "तू तर आपलीच," असं म्हणून तिने तेव्हा धड काही ठरवलंही नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा विराटला सांभाळायचं, महिन्याला चौदा हजार, बस्स. मग पहिल्या महिन्यात दूध तापवणं आलं, पुढच्या महिन्यात भांडी आली, दिवाळीपर्यंत पोळ्या, कपडे आणि इस्त्रीही आली. पगार मात्र होता तिथेच. शिवलीलाने एकदा भीत भीत विषय काढला, तर रक्षिता चक्क दुखावली. "आपल्या माणसांत असा पैशाचा विषय काढतात का गं?"

वाचकहो, हे वाक्य किती स्वस्तात पडतं पाहा. परक्या बाईला पगार वाढवून द्यावा लागतो. आपल्या बाईला नुसतं आपली म्हटलं की भागतं.

परवा दुपारी विराट सोफ्यावरून पडला. रक्षिता ऑफिसातून धावत आली आणि तिने शिवलीलाला त्याच पावली घालवून दिलं. तेवढ्याने समाधान झालं नाही. तिने गेटवरच्या अ‍ॅपमध्ये शिवलीलाचा प्रवेश बंद केला आणि दोनशे घरांच्या ग्रुपवर लिहिलं, 'ही बाई मुलाला सोडून फोनवर गप्पा मारत बसते. कुणीही ठेवू नका.' शिवलीलाची मुलगी कावेरी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आईच्या कामावरच तिचं शिक्षण चाललेलं. शिवलीलाने दोन घरी विचारून पाहिलं. दोन्ही घरांनी ग्रुपवरचा मेसेज दाखवून तिला परत पाठवलं.

आज कुणीतरी ग्रुपवर विचारलं होतं, 'पुरावा आहे का?' पुरावा होता! हॉलमध्ये कॅमेरा होता. त्यातून घर बघता यायचं आणि ऑफिसात बसून घरात बोलताही यायचं. विराट पडतानाचे नेमके वीस सेकंद कापून ग्रुपवर टाकायचे, असं रक्षिताने ठरवलं. त्यात मूल पडतं आणि शिवलीला कुठेच दिसत नाही.

तेवढ्यात शेजारच्या सोयराबाई विराटला बघायला आल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. बावीस वर्षं त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनची अख्खी लाइन सांभाळली होती. सगळे त्यांना अक्का म्हणत.

"अक्का, बघाच तुम्ही! एव्हिडन्स आहे माझ्याकडे. संपवतेच तिला आता."

"स्वल्प थांब, जरा थांब," अक्का चष्मा लावत म्हणाल्या. "वीस सेकंद कशाला? सकाळपासून लाव. आमच्या लाइनवर कुणाच्या बोटात सुई गेली, तर तिला त्या मशीनवर कुणी बसवलं होतं, ते आम्ही पहिलं बघायचो."

"लावते की! अजून चार चुका सापडतील तिच्या."

आणि दोघी बघू लागल्या. शिवलीला विराटला भरवत होती. इतक्यात कॅमेऱ्यातून आवाज आला, "शिवलीला, मशीनमधले कपडे वाळत घाल." आवाज रक्षिताचा. शिवलीला गेली, विराट रडला. "अगं, तो रडतोय, घे ना त्याला!" हाही रक्षिताचाच. मग नवऱ्याच्या, ऋतुराजच्या शर्टाची इस्त्री. मग कुकर. ऑफिसातल्या दोन मीटिंगांच्या मध्ये रक्षिता इतकी कामं सांगायची, की आपण काय सांगितलं हे तिच्याच लक्षात राहत नसे. आता सगळं ओळीने ऐकू येत होतं.

दुपारचे अडीच. "शिवलीला, ऋतुराज लवकर येतोय. कणीक मळून ठेव."

"ताई, बाळ सोफ्यावर चढायलंय. झोपलं की मळतो."

"आत्ताच मळ गं. त्याला कार्टून लावून दे."

शिवलीला आत गेली. चार मिनिटांनी विराट पडला. ती धावत आली, तेव्हा तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेने भरलेले होते. तशाच हातांनी तिने पोराला उचललं आणि छातीशी धरून रडू लागली.

फोन? कुठे होता फोन!

रक्षिताने व्हिडिओ थांबवला. "अक्का... मी ती फोनवर होती असं लिहिलंय हो."

"लिहिलंस ना? वाचलंय मी," अक्का ताडकन म्हणाल्या. "मुलावर नजर ठेवणं हेच पुरं काम असतंय, रक्षिता. डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे, असं दोन मशीनवर एक बाई बसवलीस. पगार दिलास एकीचा. आणि वर तिलाच चोर केलंस! पोरगं तिनं नाही, तुझ्या कंजूषपणानं पाडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षिता शिवलीलाच्या खोलीवर गेली. शिवलीलाने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"चुकले मी. पगार वाढवते, ये परत."

"पगाराचं मागनं बघू," शिवलीला म्हणाली. "तीन रात्री झोप न्हाई मला. देवाला म्हटलं, हिला पण कुणीतरी असंच खोटं पाडू दे, दोनशे घरांसमोर. खरंच म्हटलं. आता तुमीच पाडा सोताला. सगळं टाका ग्रुपवर, तुमच्या आवाजासकट."

"अगं, लोक काय म्हणतील मला?"

"मला म्हणाले तेच की!"

तिथेच दारात उभं राहून रक्षिताने त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'मी खोटं बोलले. तिच्या हातात फोन नव्हता, माझ्या घरची कणीक होती.' मग तिने गेटवरची बंदीही उठवली. शिवलीलाने मोबाइल मागून घेतला, मेसेज दोनदा वाचला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तासभर ग्रुपवर एकाही घराने उत्तर दिलं नाही. दोनशे घरं चिडीचूप! कारण त्यातल्या कितीतरी घरांत त्याच वेळी मुलाला कार्टून लावून सांभाळणारी बाई ओट्याशी उभी होती.

"आता सांग, किती देऊ?"

"मी का सांगू? पोळ्यांना वेगळी बाई, कपड्यांना वेगळी, बाळाला वेगळी ठेवली असती तर काय दिलं असतं, ते तुमीच बोला."

रक्षिताने मनाशी हिशेब जुळवून पाहिला आणि तिला कानकोंडं झालं. "चौतीस हजारांच्या खाली नसतं गेलं."

"मग पोळ्या न् कपडे द्या दुसरीला. मी बाळाला बघतो, नुसतं बाळाला. त्याचे वीस हजार, रविवारी सुट्टी. कागदावर लिहा. आणि त्या कॅमेऱ्यातनं बघा खुशाल, बोलायचं न्हाई."

"लिहिते," रक्षिता म्हणाली, आणि या वेळी तिने 'तू तर आपलीच' असं म्हटलं नाही.

बंधुभगिनींनो, मूल सांभाळणं हे रिकाम्या हातांचं काम नव्हे. ते पूर्ण काम आहे आणि त्याचा पूर्ण पगार आहे. त्यावर आणखी एक काम सांगायचं असेल, तर आधी त्याचे पैसे बोला, बाईला नाही म्हणायची मोकळीक द्या आणि मगच सांगा. उद्या तुमच्या घरातला दिवसभराचा आवाज असाच दोनशे घरांना ऐकवला, तर तुम्हाला मान वर करून उभं राहता येईल का? येणार नसेल, तर आज संध्याकाळी बाई घरी निघण्याआधी तिला बसायला खुर्ची द्या आणि विचारा, "तू आमच्याकडे काय काय करतेस?" आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.