उजव्या चाकावरचं वजन

फहस म्हणजे गाडीची सरकारी तपासणी. सौदीतल्या हुफूफमध्ये राहायला लागल्यापासून मला दर वर्षी तिचा राग येत आलाय. पण या खेपेला राग तपासणीचा नव्हता, सुबोधचा होता. आणि सुबोधला जाऊन तर चौदा महिने झाले होते.

सुबोध माझा सव्वीस वर्षांचा मित्र. दोघंही एकाच हॉस्पिटलात, बायोमेडिकल विभागात. व्हेंटिलेटरपासून वजनकाट्यापर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करायचं, हे आमचं काम. दिवसभर तेच करून हौस भागत नव्हती म्हणून त्यानं एक किट कार घेतली. खोक्यांतून सुटे भाग मागवायचे आणि घरी बसून मोटार जोडायची, तशातली. चाळीस वर्षांपूर्वी इथंच कुणा इंग्रज इंजिनिअरनं जोडलेली, फायबरच्या अंगाची, जमिनीला टेकल्यागत बुटकी आणि फक्त दोन सीटची. सुबोधनं ती सांगाड्यापर्यंत उघडली आणि पुन्हा उभी केली. गॅरेजांच्या वस्तीत जमालुद्दीन नावाच्या लखनौच्या मिस्त्रीची शेड आहे, तिथं सुबोधचा मुक्काम. आणि तिथंच, त्या गाडीच्या उजव्या, म्हणजे चालकाशेजारच्या सीटवर बसून कसलासा स्क्रू पिळताना त्याचं हृदय थांबलं.

गाडी त्याच्या बायकोच्या, पद्मिनीवहिनींच्या नावावर आली. त्या आमच्याच हॉस्पिटलात नर्स. यंदा त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तिकडे नाशिकला रुचाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न अठरा दिवसांवर आलं, आणि तेव्हा कळलं की नावावर गाडी असेपर्यंत फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायची परवानगी, मिळत नाही. अल-खोबरचा एक हौशी माणूस गाडी घ्यायला तयार होता, पण फहस पास झाल्याशिवाय व्यवहार होणार नव्हता.

"भावजी, काहीही करा, मला लग्नाला पोचवा," वहिनी म्हणाल्या.

"चार दिवसांचं काम आहे, वहिनी." माझी जीभ ही अशी.

मी आणि जमालुद्दीननं इंजिन धुतलं, सगळे पाइप बदलले, ब्रेक नवे बसवले. पहिल्या तपासणीत गाडी नापास. कारण लिहिलं होतं, ब्रेक असमान, उजवी बाजू कमी पकडते. मी जमालुद्दीनला नाही नाही ते बोललो. त्यानं मुकाट्यानं ब्रेक पुन्हा उघडले. ब्रेक ठाकठीक होते.

दुसऱ्या खेपेला नापास, हेडलाइटचे झोत वाकडे. गाडी उजवीकडे झुकते म्हणून. मग आम्ही मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. अकरा दिवस उरले होते.

तिसऱ्या खेपेला तल्हा नावाचा तपासनीस होता. पोरगेलासा, नीटनेटका सौदी. मालकांनी काचेपलीकडे थांबायचं आणि गाडी त्यांनी चालवत आत न्यायची, अशी तिथली पद्धत. तल्हा गाडी घेऊन गेला आणि लवकरच परतला. उतरल्यावर तो गाडीपासून चार पावलं लांब उभा राहिला.

"दोन नफर?" त्यानं विचारलं. दोन माणसं आहेत का, असं.

"नाही. तू एकटाच होतास की."

त्यानं उजव्या सीटकडे पाहिलं. मग माझ्या हातात कागद दिला, "नापास, खलास," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. कागदावर प्रत्येक चाकावरचं वजन छापलेलं असतं, ते मी आजवर कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं. सौदीत गाडी चालवणारा डावीकडे बसतो, तेव्हा डावी बाजू जड हवी. या कागदावर उजवी जड होती.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कॅलिब्रेशनवर आहे. फहसवाल्यांचं यंत्रच चुकतंय असं धरून मी हॉस्पिटलातून खाटेचा काटा आणला. उठवता न येणाऱ्या पेशंटचं वजन करायला खाटेच्या चार पायांखाली ठेवायच्या चार चकत्या असतात, तो. चारही चाकांखाली एकेक चकती सरकवली. गाडीत कुणी नाही, टाकी रिकामी, दुपारचे तीन, बाहेर ऊन रणरणतंय. उजवी बाजू बहात्तर किलोंनी जड.

"बॅटरी निकालो," मी म्हटलं. बॅटरी निघाली, स्टेपनी निघाली. फरक तसाच. शेवटी दोन्ही सीट काढल्या आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

"सीट में कुछ भरा होगा, साहब," जमालुद्दीन म्हणाला.

उजवी सीट जमिनीवर ठेवून तोलली. अकरा किलो. गाडीत पुन्हा बसवली. उजवी बाजू त्र्याऐंशीनं जड, म्हणजे सीट वजा जाता पुन्हा बहात्तर. आम्ही हे तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा नट आवळताना जमालुद्दीनचा पाना हातातून पडला आणि तो उचलायला वाकलाच नाही.

"साहब, मैं यह सीट अब नहीं छुऊँगा."

मी त्याच्यावर ओरडलो. पण बहात्तर हा आकडा मला पाठ होता. सुबोधला विमानानं गावी पाठवताना कार्गोचा फॉर्म मीच भरला होता. पेटीचं वजन वेगळं, मृतदेहाचं वेगळं. बहात्तर किलो. माझ्या हातचा आकडा, माझं अक्षर.

सीटशिवाय गाडी नेली तर? कागदावर दोन सीटची गाडी, दोन सीट हव्यातच. विचारून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं, अगदी नाइलाजानं. त्या हसतील असं वाटलं, रडतील असंही वाटलं. त्या चहा गाळत राहिल्या.

"तुम्ही मला थांबू दिलं नव्हतंत, भावजी."

मला ते आठवत होतं. पेटी दम्मामच्या विमानतळावर न्यायची त्या दिवशी त्यांनी वाटेत जमालुद्दीनच्या शेडवर थांबायला सांगितलं होतं. त्यांच्या माहेरी, देवरुखाकडे, माणूस घराबाहेर गेला तर जिथं गेला तिथं जाऊन घरच्यांनी त्याला हाक मारायची आणि 'चला घरी' म्हणायचं, अशी रीत. नाहीतर देह तेवढा जातो आणि माणूस तिथंच राहतो म्हणे. दहा मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो होतो, "वहिनी, कार्गो थांबत नाही. हे खूळ आता नको." वीस दिवस कागद नाचवून मी चिडलेला होतो. पण चिडणं हे काही कारण नव्हे. त्या बाईनं नवऱ्याला हाक मारायची होती आणि मी घड्याळ दाखवलं. त्या सकाळी, चहाचा कप हातात धरून, मला माझी फार लाज वाटली.

"उद्या मी येते तपासणीला," वहिनी म्हणाल्या. "मला यांना घेऊनच जायचंय. कन्यादानाला शेजारी कोण बसणार माझ्या?"

तपासणीच्या आवारात वहिनी अबायाचा काळा झगा सावरत गाडीच्या उजव्या बाजूला गेल्या. दार उघडलं. सीटवर चिमूटभर तांदूळ टाकले आणि घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "अहो, चला घरी. रुचाचं लग्न आहे."

काही झालं नाही. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. वहिनी दार धरून उभ्याच. मग त्या एक पाऊल बाजूला झाल्या, कुणाला उतरायला जागा करून द्यावी तशा.

स्प्रिंग करकरली. गाडीची उजवी बाजू बोटभर वर आली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तल्हानंही पाहिलं असावं, कारण तो काहीतरी पुटपुटला आणि मगच आत बसला. दहा मिनिटांत पासचा कागद हातात पडला. वहिनींनी डोळे पुसले. मी तर लहान पोरासारखा रडलो.

पुढचं सगळं सुरळीत झालं. गाडी खोबरला गेली, एक्झिट मिळाली, लग्नाच्या पाच दिवस आधी मी वहिनींना माझ्या गाडीतून दम्मामला सोडायला निघालो. सामान डिकीत ठेवून त्या मागं बसल्या.

"पुढं यांना बसू द्या," म्हणाल्या.

गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. टिंग, टिंग, टिंग. म्हणजे शेजारच्या सीटवर माणूस आहे आणि त्यानं पट्टा लावलेला नाही. सीटवर काही नव्हतं, पर्ससुद्धा नव्हती. आरशात वहिनी माझ्याकडे पाहत होत्या, अगदी शांत. मी हात लांब करून पट्टा ओढला आणि खटकन लावला. आवाज थांबला. दीडशे किलोमीटरांत, खरं सांगतो, मी एकदाही उजवीकडे पाहिलं नाही.

विमानतळावर त्यांनी स्वतः पुढचं दार उघडलं, पट्टा सोडला, "चला," म्हणाल्या आणि वळून न बघता आत गेल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथं एक समोसा घेऊन खाल्ला.

परत निघायला गाडी सुरू केली. टिंग, टिंग, टिंग.

मी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. भीती वाटली, नाही कशाला म्हणू. आणि मग असा संताप आला की मी त्या रिकाम्या सीटवर ओरडलो, "अरे, वहिनी गेल्या ना! लेकीचं लग्न आहे गाढवा, जा की!" बाहेर एक हमाल थबकून बघायला लागला. टिंग, टिंग. घरी चला म्हणून आम्ही त्याला हाक मारली होती. त्याचं घर कुठलं, हे मात्र दोघांपैकी कुणीच त्याला कधी विचारलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला, तेव्हा मी हॉस्पिटलातून घरी निघालो होतो. सनई-चौघड्यात त्यांचा आवाज नीट ऐकू येत नव्हता.

"भावजी, मी बसले कन्यादानाला! लोक काय म्हणायचं ते म्हणोत. शेजारी यांचा पाट मांडला होता. आणि ते आले होते हो. मला अगदी कळलं, खांद्याशी खांदा लागला. तुमच्यामुळं झालं हे."

मी गाडी बाजूला घेतली. शेजारच्या सीटचा पट्टा मी आता रोजच लावत होतो; तो ताणलेला होता, बसलेल्या माणसाच्या छातीवरून जातो तसा, आणि श्वासासारखा जरासा हलत होता.

"हो वहिनी," मी म्हणालो. "तो तिथंच होता. इथं नाहीच आता."

फोन ठेवला. सुबोधनं सगळं ऐकलं होतं. पट्टा हलायचा थांबला, ताणलेला मात्र तसाच राहिला.